बाळपेटीचा पहिला उन्हाळा

२४ जून, सोमवार

डॉक्टरांनी आज माझा रक्तदाब मोजला आणि यंत्राकडे असं पाहिलं, जणू त्याने त्यांना शिवी दिली. म्हणाले, "मिसेस ट्रिंकल, मनात येईल ते वहीत लिहा, लोकांच्या तोंडावर बोलू नका. आणि लिहिलेलं फाडू नका." म्हणून ही वही. मी एकतीस वर्षं ब्रायर फोर्कच्या फायर हॉलची, म्हणजे गावच्या अग्निशमन केंद्राची, सेक्रेटरी आहे. कुणाचं धुराडं पेटलं आणि कुणाचं लग्न विझत आलं, हे गावात मला सगळ्यांच्या आधी कळतं. ते पोटात ठेवायचं म्हटलं तर रक्तदाब चढणार नाही तर काय होणार?

आज आमच्या हॉलच्या मागच्या भिंतीत बाळपेटी बसली. तीन वर्षं दर शुक्रवारी मासे तळून, जेवणावळी घालून, पैसे जमवून मी ती मिळवली आहे. अजून माझ्या कोटाला तेलाचा वास येतो. भिंतीत पोलादी कपाट आहे, आत गादी आणि उबदार हवा. ज्या आईला बाळ सांभाळणं शक्य नाही, तिने बाहेरून दार उघडायचं, बाळ ठेवायचं, दार लावायचं. गादीवर वजन असलं, की लावलेलं दार आपोआप कुलूपबंद होतं आणि एका मिनिटाने अलार्म वाजतो. ते एक मिनिट तिला निघून जाण्यासाठी. बाळ तीस दिवसांच्या आतलं असलं आणि त्याला कुणी इजा केलेली नसली, की कायदा म्हणतो, तिला नाव विचारायचं नाही, तिच्या मागे जायचं नाही, गल्लीत कॅमेरा लावायचा नाही.

हॉलचा चीफ व्हर्जिल सगळ्यांसमोर म्हणाला, "ओपल, या पेटीचा सगळ्यात अवघड नियम फक्त तुझ्यासाठी आहे."

"कुठला?"

"काही विचारायचं नाही!"

सगळे पोट धरून हसले. हसू देत. बावीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, हायवेच्या कडेला बूट ठेवायच्या खोक्यात एक बाळ सापडलं होतं. तो फोन मी उचलला होता. आमची गाडी पोचली तेव्हा उशीर झाला होता. मासे मी का तळले हे व्हर्जिलला ठाऊक आहे, म्हणून त्याच्या चेष्टेचं मला काही वाटत नाही. थोडंसं वाटतं.

२७ जून, गुरुवार

चर्चच्या पत्रकात पेटीची माहिती मी लिहिली. झकास उतरली आहे:

"सांभाळणं आता शक्य नाही? लाज वाटून घेऊ नका. फायर हॉलच्या मागच्या भिंतीत पेटी आहे. आत ठेवा, दार लावा, निघून जा. कुणी नाव विचारणार नाही, कुणी रागावणार नाही, कुणी परत द्यायला येणार नाही."

व्हर्जिलने दोनदा वाचलं. "यात बाळ हा शब्द कुठे आहे गं?"

"अख्ख्या गावाला ठाऊक आहे कशाची पेटी आहे ती."

"तरी एकदा लिहायला काय झालं होतं?"

"छापून झालंय," मी म्हटलं. पुरुषांना प्रत्येक गोष्ट फोडून सांगावी लागते.

दुपारी कॉर्लिस हॅबरकॉर्न आली. ती शाळेची बस चालवते, प्रथमोपचाराच्या वर्गात नाव घालायला आली होती. चव्वेचाळीस वर्षांची, दोन मुलगे सैन्यात, नवरा ड्वाइट नॉर्थ डकोटात तेलाच्या विहिरींवर. गेल्या ऑगस्टपासून तो घरी फिरकलेला नाही आणि ते सगळ्यांच्याच पथ्यावर पडलंय, कारण त्याचा हात तोंडाआधी चालतो. ती टेबलावरचं पत्रक उभ्याउभ्या वाचत राहिली.

"खरंच कुणी विचारत नाही, ओपल?"

"मी लिहिलंय ना!"

"आणि फोटोबिटो?"

"कायद्यानेच बंदी आहे. का गं?"

"काही नाही. सहज."

बाई सुटत चालली आहे. मुळात अंगाने भरलेली, त्यात हे उकडतंय आणि अंगात ड्वाइटचा गुडघ्यापर्यंतचा स्वेटशर्ट. मी मैत्रीण म्हणून स्पष्ट बोलले, कोबीच्या सुपाची कृती लिहून दिली. तिने घडी घालून खिशात ठेवली आणि हसली. चांगली बाई आहे, पण मनातलं बोलत नाही. मला असली माणसं झेपत नाहीत.

१६ जुलै, मंगळवार

आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी अलार्म वाजला!

माझ्या हातातला कॉफीचा मग गेला. आमचा स्वयंसेवक लॉनी शेतात ट्रॅक्टर तसाच उभा करून, एका पायात बूट घालून धावत आला. काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, अँब्युलन्स निघाली. व्हर्जिलने हात कोपरापर्यंत धुतले, टोपी काढली आणि आतलं दार उघडलं. लॉनी आधीच रडायला लागला होता.

पेटीत, निळ्या चौकटीच्या फडक्यात मायेने गुंडाळलेली, हाताएवढी लांब, जाड काकडीसारखी हिरवी झुकिनी होती.

लॉनी नाक पुसत म्हणाला, "वजन चांगलं आहे."

फडक्यात चिठ्ठी होती: "घरी आणखी अकरा आहेत. आभारी आहे."

व्हर्जिलने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

२२ जुलै, सोमवार

आतापर्यंत तीन अलार्म, सात झुकिन्या. एकीला बाळाची टोपी घातलेली होती.

गावाचा स्वभाव मला ठाऊक असायला हवा होता, माझंच चुकलं. इथे वर्षभर कुणी गाडीला कुलूप लावत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र चर्चसमोर प्रत्येक गाडी कुलूपबंद असते, नाहीतर प्रार्थना संपवून यावं तर मागच्या सीटवर झुकिन्यांची रास. वेल थांबत नाही, फेकवत नाही आणि शेजारी दार उघडत नाहीत. अशा लोकांना मी लेखी कळवलं, की ठेवा, दार लावा, निघून जा आणि कुणी परत द्यायला येणार नाही. त्यांना वाटलं, शेवटी कुणीतरी आपली व्यथा ओळखली.

दुरुस्तीचं पत्रक काढलं. मोठ्या अक्षरांत: "पेटी फक्त बाळांसाठी आहे." रेव्हरंड मेपसनी प्रार्थनेनंतर ते वाचूनही दाखवलं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "छोट्या झुकिन्या चालतील का?" देवाच्या घरात लोक गुडघ्यांवर थापा मारून हसले.

आज काउंटीचं पत्र आलं आणि माझं हसू पळालं. प्रत्येक वेळी अँब्युलन्स तीस मैलांवरून धावते. आणखी तीन खोटे अलार्म झाले तर पेटीला कायमचं कुलूप घालणार.

"झुकिनीपायी पेटी जाणार," व्हर्जिल म्हणाला.

"माझ्या प्रेतावरून जाईल," मी म्हटलं.

२५ जुलै, गुरुवार

मला चोर सापडली!

कॉफीच्या वेळी मागच्या गल्लीत कचरा टाकायला गेले तर पेटीसमोर कोण? कॉर्लिस. हात पेटीच्या दारावर. मला पाहिलं आणि अशी दचकली, की कुणालाही कळलं असतं.

"काय गं, इकडे कुठे?"

"दार जड आहे का बघत होते. एका हाताने उघडेल का, म्हणजे दुसरा हात... भरलेला असला तर."

दुसरा हात भरलेला! म्हणजे माल किती आणणार होती? मी गोड आवाजात विचारलं, "यंदा बाग कशी काय?"

"बागेकडे बघायला कुठे होतंय, ओपल? वाकताच येत नाही."

वाकता येत नाही, म्हणजे तोडणी वेळेवर होत नाही, म्हणजे झुकिन्या हाताएवढ्या होतात. सगळं जुळतंय. शिवाय फोटोची चौकशी तिनेच केली होती. घरी येऊन हा हिशोब मी दोनदा तपासला, कुठेही खोट नाही.

तरी पुरावा हवा. नुसता आरोप केला तर लोक म्हणतील, ओपलला सवयच आहे.

२९ जुलै, सोमवार

आमचे हे, हर्शल, जाऊन सहा वर्षं झाली, पण त्यांचा हरणं टिपायचा कॅमेरा अजून ठणठणीत आहे. समोर काही हललं की आपोआप फोटो काढतो, खाली तारीख-वेळही छापतो. हिरवा-करडा रंग, झाडीत दिसतसुद्धा नाही. आज दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी शिडी लावून तो पेटीसमोरच्या विजेच्या खांबाला बांधला.

होय, मला कायदा पाठ आहे. पण मी आईचा फोटो कुठे काढतेय? मी झुकिनीवालीचा काढतेय. चोर एकदा पकडली, पत्रकात तिचं नाव छापलं, की कॅमेरा उतरवून टाकीन. व्हर्जिलला सांगितलेलं नाही. त्याला सांगून त्याचा रक्तदाब का वाढवायचा?

२ ऑगस्ट, शुक्रवार

कॉर्लिस स्वतःहून हॉलमध्ये आली. खुर्चीत बसायलाच तिला दोन मिनिटं लागली. कॉफी दिली तर म्हणाली, नको. महिनोन्‌महिने ती माझ्या हातची कॉफी नाकारते आहे आणि त्याचाही मला राग आहेच.

"त्या खांबावर काय बांधलंय गं?"

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. "पाखरांसाठी घर आहे."

"काच दिसते त्याला."

"श्रीमंत पाखरं आहेत."

ती हसली नाही. "काढणार कधी?"

"काम झालं की काढीन," मी तिच्या डोळ्यांत डोळे घालून म्हटलं. "तू कशाला काळजी करतेस? तुला काही लपवायचं आहे का?"

तिचा चेहरा उतरला. ती हाताच्या बोटांकडे बघू लागली. मग म्हणाली, "तुम्ही लिहिलं होतं, कुणी बघणार नाही म्हणून." मला एकदम 'तुम्ही' म्हणाली. आणि गेली.

एका झुकिनीसाठी एवढं मनाला लावून घ्यायचं! मला विजयाचा आनंद व्हायला हवा होता, पण संध्याकाळपर्यंत मन थाऱ्यावर नव्हतं. हवामान असेल.

६ ऑगस्ट, मंगळवार

तीन तारखेला एक अलार्म, काल आणखी एक. एकूण तीन झुकिन्या आणि एक भोपळा. आता फक्त एक अलार्म उरला. लॉनी आता चालत येतो, वाटेत सँडविच संपवून. व्हर्जिल म्हणतो, "येतो गं, कुठे पळून जातेय ती."

मी दोघांनाही झापलं. पण चिंता नाही, कॅमेऱ्यात सगळं आलेलं असणार. हॉलमध्ये सदा कुणीतरी असतं, म्हणून रविवारी, गाव चर्चमध्ये असताना, कार्ड काढून बघायचं ठरवलंय.

८ ऑगस्ट, गुरुवार

शाळा सुरू झाली आणि कॉर्लिसची बस दुसराच कुणी चालवतोय. पाठ धरली म्हणे. मी मोठ्या मनाची, कोबीचं सूप घेऊन तिच्या घरी गेले. वाटलं, आजारपणात माणूस कबुलीही देतं.

तिने दार चार बोटं उघडलं. चेहरा घामाने निथळत होता, केस कपाळाला चिकटलेले, एका हाताने चौकट अशी घट्ट धरलेली, की बोटं पांढरी पडली होती.

"कॉर्लिस, अगं डॉक्टरांना बोलावू का?"

"पाठ आहे. जा, ओपल. तुझ्या पाया पडते, जा." मध्येच तिने डोळे मिटले आणि श्वास धरला. मग सूप घेतलं आणि दार माझ्या तोंडावर लावलं.

भांडं माझ्या आईचं आहे. परत मागायला लागू नये म्हणजे झालं.

११ ऑगस्ट, रविवार

जमेल तसं लिहिते.

सकाळी हॉलमध्ये फक्त तिघं. व्हर्जिल आणि लॉनी समोर बंब धूत होते, मी मागे ऑफिसात. दहा वाजून वीस मिनिटांनी शिडी लावून कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि कॉम्प्युटरला लावलं.

तीन ऑगस्ट. टोपी, काळा चष्मा, कडेवर तीन झुकिन्या: नादिन, चीफ व्हर्जिलची सख्खी बायको! माझी खुर्ची मागे गेली. पाच ऑगस्ट. आजूबाजूला बघत, कोटाखाली भोपळा लपवून: रेव्हरंड मेपस! ज्यांनी माझं पत्रक वाचून दाखवलं, ते! एकतीस वर्षांत असला माल माझ्या हाती लागला नव्हता. मी एकटीच टाळ्या पिटल्या.

मग आधीच्या दिवसांचे फोटो उघडले, तर कॉर्लिस. तीस जुलै, एकतीस जुलै, एक ऑगस्ट. तिन्ही दिवशी रिकाम्या हाताने आलेली. दार उघडते, आतली गादी तळहाताने दाबून बघते, निघून जाते. मी स्वतःशी म्हटलं, ही टेहळणी. पण पुढच्या फोटोत ती बाजूने उभी होती. वाऱ्याने तो स्वेटशर्ट अंगाला चिकटला होता आणि तिने दोन्ही हात पोटाखाली धरले होते. मी स्वतः तीन पोरांना जन्म दिलाय. ते हात मला ओळखता येऊ नयेत?

कोबीचं सूप! देवा, मी तिला कोबीचं सूप दिलं.

शेवटचा फोटो आजचा होता, दहा वाजून चार मिनिटांचा. तिच्या कडेवर पिवळ्या पांघरुणातलं गाठोडं. ती पेटीसमोर नाही, गल्लीच्या मधोमध उभी. सरळ कॅमेऱ्यात बघतेय. त्यानंतरच्या फोटोत फक्त तिची पाठ.

दहा वाजून एकोणतीस झाले होते. पंचवीस मिनिटं. मला फेब्रुवारीतलं ते खोकं आठवलं आणि मी धावले. सहासष्ट वर्षांची, सांधे दुखणारी बाई चर्चचे बूट घालून धावली.

तिची गाडी धान्याच्या दुकानामागे सापडली. ती स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली होती. शेजारच्या सीटवर कपड्यांची टोपली आणि टोपलीत ते. एवढंसं. जागं.

मी खिडकीवर टकटक केली. तिने काच खाली केली. मला जगातलं काहीही बोलता आलं असतं आणि माझ्या तोंडून आलं, "वजन उतरलेलं दिसतंय तुझं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात ती रडायला लागली.

"चर्च सुटायच्या आधी त्यांच्या पायऱ्यांवर ठेवणार होते," ती म्हणाली. "मग बघितलं, पायऱ्यांवर ऊन आलंय. मग कुठे जायचं ते सुचेना, ओपल. ड्वाइटला कळलं तर तो हिला आणि मला, दोघींना..."

"मी काही विचारलेलं नाही," मी म्हटलं. "मी इथे आलेलेच नाही. पाच मिनिटं थांब."

परत गल्लीत. शिडीवर चढायचा धीर नव्हता, मी जळमटं काढायच्या काठीने तो कॅमेरा हाणून पाडला. आतून कार्ड काढलेलंच होतं. ते कॉम्प्युटरमधून उपटून आणलं आणि चपलेखाली, म्हणजे बुटाखाली, चिरडलं. त्याच्याबरोबर नादिन गेली, रेव्हरंड गेले, भोपळा गेला. एवढी मोठी बातमी मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी मारली.

ती आली. मी पेटीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. म्हटलं, "मला काही दिसत नाही. मी नुसती उभी आहे."

दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. लावल्याचा आवाज येईना. ती पुटपुटत होती, शब्द कळत नव्हते आणि मी कान देत नव्हते. मी! डॉक्टरांनी यावं आणि बघावं. मान वळवायची नाही म्हणून मी खांबाला धरून उभी होते. शेवटी दार लागलं, कुलूप खटकलं, पावलं माझ्या मागून गेली. जाताना तिने माझ्या पाठीला हात लावला. मी वळले नाही.

मग एक मिनिट. मी शंभरपर्यंत मोजलं असेल, तरी ते संपेना.

अलार्म वाजला. आतून व्हर्जिलचा आवाज आला, "आता भोपळा निघाला तर मी राजीनामा देतो!" आणि पाण्याचा पाइप चालूच. मी मागच्या दाराने आत शिरले आणि अशी ओरडले, की लॉनीने सांगितलं चर्चमध्ये ऐकू गेलं: "धावा, मेल्यांनो! धावा!"

आतलं दार मीच उघडलं. मुलगी. तीन दिवसांची असेल. लालबुंद होऊन रडत होती. मी तिला उचललं, खांद्याला लावलं आणि ती थांबली. एकदम. जणू तेवढंच हवं होतं.

व्हर्जिल ओल्या हातांनी उभा राहून रडला. लॉनी तर केव्हापासूनच रडत होता. अँब्युलन्स येईपर्यंत आम्ही तिघं तिच्याभोवती बसून होतो, आळीपाळीने मूर्खासारखे हसत.

मग व्हर्जिलने विचारलं, "ओपल, तू मागेच होतीस ना? काही पाहिलंस?"

"रस्ता पाहिला."

"बस्स?"

"बस्स."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. तो अर्ध्या गावाला ओळखतो, पण मला पूर्ण ओळखतो. टोपी घातली आणि बंब धुवायला गेला.

१२ ऑगस्ट, सोमवार

इथून पुढे या वहीत कुणाचं नाव लिहिणार नाही. डॉक्टरांनी फाडू नका म्हटलंय. जाळू नका असं म्हटलेलं नाही. वही भरली की अंगणातल्या पिंपात.

आज एका मैत्रिणीला "पाठदुखीसाठी" शेजारच्या काउंटीतल्या दवाखान्यात नेऊन आणलं. जाऊन येऊन ऐंशी मैल. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तासभर तपासलं. काळजी नाही म्हणाल्या, पण आराम हवा. आणि मनात आलं तर मुलगी परत मिळवण्यासाठी तिला अजून वकिलामार्फत बोलता येईल, मुदत आहे, हेही तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "नको. तिला त्या घरात नाही आणायची." एवढंच.

बाप कोण? ऐंशी मैल माझ्या जिभेवर तो प्रश्न होता. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा खिडकीबाहेरच्या मक्याचं कौतुक केलं. इंडियानात मका काही कमी नाही, म्हणून निभावलं.

काउंटीवाल्यांचा फोन आला. कुलूप रद्द.

२७ ऑगस्ट, मंगळवार

चीफला वरून कळलं आणि त्याने मला सांगितलं, कारण मी त्याला दिवसातून चार वेळा विचारत होते. तो कायदा आईला विचारण्याबद्दल आहे, चीफला विचारण्याबद्दल नाही. मुलगी ठणठणीत आहे, इस्पितळातून एका घरी गेली, दत्तक घेण्यासाठी वाट बघत असलेली माणसं आहेत. कुठे, कोण, हे त्यालाही ठाऊक नाही.

दुपारी बस हॉलसमोर थांबली. शाळा सुटायला अर्धा तास होता. ती आत आली, समोर बसली. अंगात आता हलका सदरा होता. कॉफी घेतली, साखर घालून, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. आम्ही मक्याबद्दल बोललो, बसच्या ब्रेकबद्दल बोललो. ती उठेना. काही विचारेना. विचारलं असतं तर तिने मुलगी ठेवली आणि मला ते ठाऊक आहे, असं दोघींमध्ये बोललं गेलं असतं आणि बोललेलं परत घेता येत नाही.

मग मी टेबलावरचा फोन उचलला. कुणाला लावला नाही. नुसता कानाला लावला. आत टूं वाजत होतं.

"हॅलो," मी मोठ्याने म्हटलं. "हो, मी ओपल बोलतेय. आमच्याकडच्या मुलीबद्दल विचारायचं होतं. अस्सं? सहा पौंड नऊ औंस होती का? आता सात झाली? दूध पिते? छान. आणि माणसं कशी आहेत? चांगली आहेत म्हणता. दोघंही? बरं. बरं."

वजनाचं खरं होतं, चीफने सांगितलं होतं. सात मी पदरचं घातलं. माणसं चांगली आहेत, हे मी रोज मागते आहे, म्हणून तेही म्हटलं.

तिने कॉफीचा मग खाली ठेवला. माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत, अगदी हळू म्हणाली,

"रडते का, विचार."

टूं वाजतच होतं. मी फोन कानाला घट्ट धरला.

"रडते का हो ती?" मी विचारलं. आणि थांबले, म्हणजे पलीकडच्या माणसाला उत्तर द्यायला वेळ मिळावा. मग तिच्याकडे बघून सांगितलं, कारण हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, हे माझ्या स्वतःच्या खांद्याला ठाऊक होतं:

"रडते म्हणतात. पण उचलून घेतलं की थांबते."

तिने मान हलवली. दोनदा. मग डोळे पुसले, किल्ल्या उचलल्या आणि मुलं सुटायच्या आत बस घेऊन गेली.